सायकल-सहल : अंतर किती आणि चढ किती?

साताऱ्याहून वाई, वाईहून पाचगणीमार्गे महाबळेश्वर आणि केळघर घाट उतरून मेढ्यावरून परत सातारा. तीन दिवस, तंबूत दोन मुक्काम. वरच्या वर्गातील मुलामुलींच्या सायकल-सहलीसाठी हा मार्ग चांगला आहे. रोजची अंतरे ढोबळमानाने ३५, ३२ आणि ५५ किलोमीटर. कागदावर मधला दिवस सर्वांत हलका दिसतो; प्रत्यक्षात तोच सर्वांत जड. तो का, हे हिशेब मांडून पाहू.

वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७१८ मीटर उंच आहे, तर पाचगणी सुमारे १२९३ मीटर. म्हणजे पसरणी घाटाच्या बारा-तेरा किलोमीटरांत आपण ५७५ मीटर वर चढतो. मुलाचे वजन ६० किलो, सायकल १५ आणि सामान १० किलो धरले, तर एकूण ८५ किलो. ८५ × ९.८ × ५७५ म्हणजे सुमारे ४ लाख ७९ हजार ज्यूल कार्य झाले. (वर्गात हे गणित मुलांनाच स्वतःच्या वजनासाठी करू द्यावे.)

सतत १०० वॅट शक्ती लावू शकणारा मुलगा हे काम ८० मिनिटांत उरकेल. ७० वॅट लावणाऱ्याला ११४ मिनिटे लागतील. रस्त्याचे घर्षण आणि विश्रांती यांचा वेळ वेगळाच. म्हणजे निदान ३४ मिनिटे एक मूल घाटात सर्वांच्या मागे, बहुधा एकटे आणि बाटलीतले पाणी संपत आलेले. सहलीतला खरा धोका हा आहे.

आता मागच्याचे १० किलो सामान पुढच्याच्या कॅरिअरवर बांधू. मागच्याला १०१ मिनिटे लागतील, पुढच्याला ८९. अंतर १२ मिनिटांवर आले आणि सगळा गट १३ मिनिटे आधी पोचला! सामानाची समान वाटणी वरवर न्याय्य वाटते, पण आम्हांला ती पटत नाही. तंबू, पातेली, स्टोव्ह ही सामाईक ओझी ताकदीप्रमाणे वाटावीत. एक शिक्षक मात्र नेहमी शेवटच्या सायकलीच्या मागेच हवा.

आपले स्नायू अन्नातील ऊर्जेच्या जेमतेम चौथ्या हिश्श्याचे कार्य करतात, बाकीची उष्णता होते. वरच्या चढाला सुमारे १५ लाख ज्यूल उष्णता बाहेर टाकावी लागेल. एक लिटर घाम वाळताना सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता नेतो, म्हणजे या एका घाटात अर्ध्या लिटरहून जास्त पाणी गेले. प्रत्येकाजवळ दोन लिटर पाणी हवे. वाई उजाडताच सोडावी.

मुक्कामाची जागा दिवसाउजेडी ठरवावी. वाईला कृष्णेचा काठ मोह पाडतो, पण वर धोम धरण आहे. नदीपात्रात तंबू ठोकू नये. शिवाय रात्री थंड हवा जड होऊन खोलगट जागी साचते, म्हणून थोडी उंच, सपाट जागा बरी. तंबूच्या खिडक्या पूर्ण बंद केल्या, तर श्वासातील बाष्पाचे कापडावर पाणी होऊन सकाळी पांघरुणे ओली होतात.

तिसऱ्या दिवशी उतार. चढताना साठवलेली बरीचशी ऊर्जा आता ब्रेकमध्ये उष्णता होऊन बाहेर पडते. ब्रेक सतत दाबून धरू नयेत, दाबावे, सोडावे. दोन सायकलींत निदान वीस-पंचवीस मीटर अंतर ठेवावे. आणि रबरे झिजली असतील, तर ती साताऱ्यातच, निघण्याआधी बदलावीत.