हाड मोडल्यानंतरचा दुसरा दिवस

दि. ४ जुलै २०२३ रोजी धुळे जिल्ह्यातील पळासनेरजवळ, मुंबई-आग्रा महामार्गावर, एक मालवाहू वाहन रस्त्याकडेच्या हॉटेलात शिरले. अनेकांनी प्राण गमावले, कित्येक जखमी झाले. धुळे व जळगाव जिल्ह्यांतील महामार्गांवर लहानमोठे अपघात नित्याचेच आहेत. अशा अपघातात मांडीचे हाड मोडले, पण रुग्ण शुद्धीवर असला, की ‘जिवावरचे पायावर निभावले’ असे म्हणून आपण निर्धास्त होतो. परंतु एक धोका दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उद्भवतो. त्याला वैद्यकशास्त्रात ‘फॅट एम्बोलिझम’ म्हणतात.

मांडी व नडगीच्या लांब हाडांच्या पोकळीत मज्जा असते. प्रौढ माणसात ती बहुतांशी मेदाची असते. हाड मोडले की मेदाचे सूक्ष्म थेंब फाटलेल्या शिरांत शिरतात आणि हृदयावाटे फुफ्फुसांत जाऊन तेथील बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात; काही मेंदूपर्यंतही पोहोचतात. इ.स. १८६२ मध्ये झेंकर या जर्मन शास्त्रज्ञांनी चिरडून मरण पावलेल्या एका रेल्वे कामगाराच्या फुफ्फुसांत असे मेदकण प्रथम पाहिले. भुसावळच्या रेल्वे कुटुंबांना या नोंदीमागची वेदना सांगायला नको.

असे मेदकण मांडीचे हाड मोडलेल्या बहुतेक रुग्णांच्या रक्तात जातात, पण आजार थोड्यांनाच होतो. दोन्ही मांड्या किंवा अनेक हाडे मोडलेल्यांना, विशेषतः तरुणांना, धोका अधिक असतो.

मग शस्त्रक्रियेचे काय? हाडाच्या पोकळीत रॉड बसवताना आतील दाब वाढतो व काही मेद रक्तात ढकलला जातो, हे खरे. म्हणून शस्त्रक्रिया टाळावी काय? मुळीच नाही. मोडलेली टोके हलत राहिली, तर मेद पुन्हा पुन्हा रक्तात जातो. म्हणून रुग्णाची प्रकृती स्थिर असल्यास साधारणतः चोवीस तासांच्या आत हाड पक्के करणे हिताचे मानले जाते. छातीला वा डोक्याला गंभीर मार असल्यास डॉक्टर बाहेरून तात्पुरता सांगाडा बसवून रॉड नंतर टाकतात. हा विलंब म्हणजे हयगय नव्हे.

दुखापतीनंतर २४ ते ७२ तासांत नातेवाइकांनी डोळ्यांत तेल घालून पाहावे. धाप लागणे, रुग्णाने असंबद्ध बोलणे वा गुंगीत जाणे, छाती, काख, मान किंवा डोळ्यांत बारीक लाल ठिपके दिसणे, ही मुख्य लक्षणे होत. ठिपके सर्वांनाच येत नाहीत. ‘औषधाची गुंगी असेल’ असे मानून स्वस्थ बसू नये. तत्काळ परिचारिकेला सांगावे. या आजारावर खास उतारा नाही. परंतु वेळीच प्राणवायू व गरज पडल्यास कृत्रिम श्वासोच्छ्वास मिळाला, तर बहुसंख्य रुग्ण बरे होतात.

अपघातस्थळी मोडलेला पाय ओढू नये, चोळू नये. फळी बांधून तो स्थिर करावा व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हाडवैद्याकडे मालीश करण्यात वेळ दवडू नये. पायाला आराम पडला म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध रुग्णाला घरी नेऊ नये.

मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी आपल्या धर्मगुरूंनाही जरूर कळवावे. रुग्णाभ्यंग संस्कार केवळ मरणोन्मुखांसाठी आहे, हा गैरसमज आजही आढळतो. गंभीर शस्त्रक्रियेला सामोरे जाणाऱ्यानेही तो स्वीकारावा, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे.

संत लूकच्या शुभवर्तमानातील दयाळू शोमरोनी आपण जाणतो. त्याने जखमा बांधल्या, एवढेच आपल्या ध्यानात राहते. पण तो रात्रभर जखमी माणसाजवळ राहिला आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या पुढील शुश्रूषेची तरतूद करूनच निघाला. अपघातानंतर पहिल्या दिवशी रुग्णालयात गर्दी होते. दुसऱ्या रात्री खाटेजवळ बहुधा एकच थकलेला जीव जागत असतो. त्याच्या जोडीला बसणे, हीदेखील खरी ख्रिस्ती सेवा होय.