चिठ्ठी मागा, बिल मागा

यवतमाळातल्या एका श्वानपालकाच्या हातात इलाजानंतर उरली एक चिठ्ठी, तिच्यावर फक्त 'इंजेक्शन' आणि रक्कम. औषधाचं नाव नाही, मात्रा नाही, सही नाही. पिल्लाची हगवण थांबली नाही म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं, तर त्यांनाही आधी काय दिलंय ते कळेना. अशी तक्रार पुसद-वणीकडेही ऐकू येते.

१९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार पशुवैद्यकी करायला नोंदणी लागते. राज्य परिषदेचं कार्यालय नागपुरात आहे. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक विचारायला संकोच कशाला? पशुधन पर्यवेक्षक वेगळे. ते किरकोळ सेवा देऊ शकतात, तीही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली.

लसीच्या कुपीवरचं स्टिकर कार्डावर चिकटवून घ्या. त्यावर बॅच क्रमांक आणि मुदत असते. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते. यवतमाळच्या मे महिन्यात ती फ्रिजमधून काढली की टेबलावरून, हे बघणं आगाऊपणा नाही!

इलाज करूनही जनावर दगावलं, एवढ्यावरून हलगर्जी सिद्ध होत नाही. पार्व्हो या विषाणूजन्य आजारात चांगल्या उपचारांनंतरही पिल्लं जातात. पण खरोखर कुचराई वाटली तर व्यावसायिक वर्तनाची तक्रार राज्य परिषदेकडे करता येते. पैसे मोजून घेतलेल्या सेवेसाठी जिल्हा ग्राहक आयोगाचं दार उघडं आहे, मुदत दोन वर्षं. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे फी नाही. बिल मात्र हवंच.

कुणाला तक्रारअर्जाबद्दल काही विचारायचं असेल तर कमेंटमध्ये विचारा.