पोकळ सागाचे मोल

सागवानी जंगलातील एखादा कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेला तुकडा, तोडीस घेण्यापूर्वी वनखात्याची माणसे प्रत्येक खोडाचा छातीइतक्या उंचीवर घेर मोजतात, तो नोंदवहीत चढवितात आणि जे झाड पाडावयाचे त्याच्या बुंध्यावर हातोड्याचा सरकारी छाप उमटवितात. या मोजदादीत जे झाड वाकडे, किडलेले, शेंड्याकडून वाळत आलेले, ते इमारती लाकडाच्या हिशेबी खोटीचा माल ठरते. आणि त्याने अडविलेली जागा रोपवनासाठी मोकळी करून घेणे हाच शहाणपणाचा व्यवहार होय, अशी धारणा वनव्यवस्थापनात दीर्घकाळ रुजलेली आहे. परंतु ज्या दोषामुळे ते खोड वखारीत कवडीमोल ठरते, तोच दोष रानपिंगळा नावाच्या लहानशा घुबडाच्या वंशाला आधारभूत असतो.

या पक्ष्याचा इतिहास मोठा विलक्षण आहे. ब्लेविट नावाच्या इंग्रज अंमलदाराने १८७२ साली मिळविलेल्या नमुन्यावरून पक्षिशास्त्रज्ञ ह्यूम याने पुढच्याच वर्षी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतर डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने पश्चिम खानदेशात काही नमुने गोळा केले आणि १८८४ नंतर शंभराहून अधिक वर्षे हा पक्षी कोणाही अभ्यासकाच्या दृष्टीस पडला नाही. मधल्या काळात माइनरत्झहागेन या पक्षिसंग्राहकाने १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ एक रानपिंगळा मिळविल्याचा दावा केला होता. पण ते कातडे वस्तुतः डेव्हिडसनच्याच संग्रहातून चोरून नव्याने भरलेले होते, हे पुढे उघडकीस आले. ती खोटी नोंद बाद करून अस्सल नमुन्यांच्या ठिकाणांकडे मोर्चा वळविल्यावर, नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट या पक्षी अभ्यासकांना शहाद्याजवळच्या रानात हा पक्षी जिवंत आढळला.

गावशिवेवरच्या नेहमीच्या पिंगळ्याच्या माथ्यावर ठळक पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ साधा तपकिरी, छातीवर गर्द पट्टा आणि पाय दणकट, पिसांनी भरलेले. शिवाय हा दिवसाढवळ्या वावरणारा. सागाच्या निष्पर्ण फांदीवर उन्हात बसून शेपटी झटक्याने हलवीत तो खालची पानगळ निरखतो आणि सरडा हालला की सरळ त्यावर झेप घेतो. म्हणूनच किर्र झाडीपेक्षा विरळ, मोकळ्या तळाचे रान त्याला मानवते, आणि बेताची विरळणी त्याला अपायकारकच ठरेल असे सरसकट म्हणता येत नाही.

अपाय होतो तो ढोली नाहीशी झाल्याने. या पक्ष्याला स्वतः लाकूड पोखरता येत नाही. सुतार पक्ष्याने कोरलेली किंवा फांदी मोडून कुजल्यामुळे पडलेली पोकळी त्याला आयती मिळावी लागते. एकाच वर्षी लावलेल्या, सरळसोट, सारख्या वयाच्या सागाच्या रोपवनात अशी पोकळी कोठून यावी? त्यातच त्याचा विणीचा काळ साधारणतः ऑक्टोबर ते मे, म्हणजे पावसाळा सरल्यावर कुऱ्हाड चालू होते तोच हंगाम. मादी अंडी उबवीत ढोलीत बसलेली, नर तिला भक्ष्य आणून देणारा. अशा वेळी झाड पाडले तर घरट्याबरोबर त्या वर्षाची वीणही जाते.

यावर तजवीज महागडी नाही. छाप मारण्यापूर्वीच्या पाहणीत ढोल्यांची आणि उभी वाळलेली झाडे स्वतंत्र नोंदवून तोडीतून वगळावीत. जेथे रानपिंगळ्याचा वावर आहे तेथे त्याच्या ध्वनिमुद्रित सादेला तो प्रत्युत्तर देतो याचा उपयोग करून जोडीचे ठिकाण हुडकावे आणि घरट्याभोवतीचा तुकडा पिल्ले उडून जाईपर्यंत राखून ठेवावा. सरपणासाठी वाळके झाड उचलण्याची मुभा देतानाही ढोलीची खोडे वेगळी काढावी लागतील. कारण चुलीला जे लाकूड उत्तम, तेच नेमके या पक्ष्याला हवे असते.

महाराष्ट्र वन विकास महामंडळ १९७४ साली स्थापन झाले, आणि सागाची लागवड व तोड हे त्याचे एक मुख्य काम राहिले आहे. म्हणून वरील तजवीज त्याच्या कामातही यावी. सातपुड्याबाहेर हा पक्षी नसावा, ही समजूतही २०१४ मध्ये मुंबईपासून फार दूर नसलेल्या तानसा अभयारण्यात तो आढळल्यावर ढासळली. तेव्हा ढोल्यांची नोंद सातपुड्यापुरती न ठेवता पश्चिमेकडील सागवानी पट्ट्यांच्या कार्य आयोजनांतही घालावी लागेल. नव्या रोपवनातले साग ढोली धरण्याइतके जुने होईपर्यंत जुन्या पोकळ खोडांवरच या पक्ष्याला वीण काढायची आहे.