जादूगाराच्या घरी बिनजादूचं मूल

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ 1974 चा. त्याच्या 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत ‘सॉर्सरर’ हे पात्र आलं. विझर्ड पोथ्या घोकून जादू शिकतो, सॉर्सररच्या ती रक्तातच असते. मग कुणीतरी खेळाडू विचारतोच, ‘माझ्या सख्ख्या बहिणीत का नाही उतरली?’ खेळ चालवणाऱ्याने उत्तर आधीच ठरवून ठेवावं. सोयरिकी, वारसाहक्काचे तंटे, घराण्यांचे वैर हे सगळं त्यातूनच निघतं.

सुरुवात अपवादांपासून करा. साध्या घरात जादूगार जन्मला पाहिजे आणि जादूगारांच्या घरी बिनजादूचं मूलही. हॅरी पॉटरच्या जगात हर्मायनी पहिल्या तऱ्हेची, फिल्च दुसऱ्या.

पहिली तऱ्हा सोपी आहे. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. जादूची प्रत ‘ज’, साधी ‘स’. ‘ज’ अप्रभावी माना, म्हणजे दोन्ही प्रती ‘ज’ असतील तरच जादू दिसेल. आईबाप दोघे ‘सज’ असले तर ते स्वतः साधेच, पण वाहक. त्यांच्या मुलासाठी चार बाजूंचा फासा टाका. 1 पडला तर मूल ‘जज’, जादूगार. मेंडेलने 1866 मध्ये वाटाण्यांचे आकडे छापले ते याच हिशेबाचे: 5474 गोल, 1850 सुरकुतलेले, जवळजवळ तीनास एक.

आता राज्य मोजा. दहा हजारांत एक जादूगार धरला, तर ‘ज’ प्रत शंभरात एक असते आणि वाहक सुमारे पन्नासात एक. दहा लाखांच्या राज्यात जादूगार शंभरच, पण नकळत जादू वाहणारे जवळजवळ वीस हजार! मला हा आकडा फार आवडतो, कारण कुठल्याही कुंभाराच्या किंवा कोळ्याच्या घरात गोष्ट सुरू करता येते. आणि मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत त्या राज्यात असेल, तर अशा जोडप्याला जादूगार मूल होण्याची शक्यता सुमारे सातपट होते. घराणी आपसांतच सोयरिकी का जुळवतात, याला आता कारण मिळालं.

दुसरा अपवाद मात्र इथे अडतो. दोन ‘जज’ आईबापांकडे द्यायला ‘स’ नाहीच, मग बिनजादूचं मूल येणार कुठून? याची वाट मुंबईत सापडते. 1952 मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे’ रक्तगट नोंदवला. ए आणि बी हे घटक ‘एच’ नावाच्या पायावर उभे राहतात. एचच्या दोन्ही प्रती निकामी असतील, तर ए किंवा बीचं जनुक असूनही साध्या चाचणीत रक्त ‘ओ’ दिसतं. जनुक आहे, पण त्याला उभं राहायला जागाच नाही.

जादूलाही असाच एक पाया द्या. त्याची एक प्रत धड असली की पुरे, दोन्ही निकामी असल्या तर ‘जज’ असूनही जादू नाही. दोन्ही जादूगार आईबापांकडे पायाची एकेक निकामी प्रत असेल, तर पुन्हा तोच फासा: 1 पडला की मूल बिनजादूचं.

ताकदीसाठी एक जनुक पुरत नाही. उंचीसारखी ती अनेक जनुकांची बेरीज असते, म्हणून तीन फाशांची बेरीज तिला शोभते. अतिउंच आईबापांची मुलं सरासरीकडे झुकतात, हे गॉल्टनने 1886 मध्ये दाखवलं. नियम असा करा: आईबापांच्या ताकदीची सरासरी काढा, तिथून 10 च्या दिशेने अर्धं अंतर मागे या, मग सहा बाजूंचा एक फासा मिळवा आणि दुसरा वजा करा. दोघे 16 चे असतील तर 13 पासून सुरुवात, म्हणजे मूल 8 ते 18 मध्ये कुठेही. आईबापांना मागे टाकणारं मूल बारांत एक.

हा हिशेब आपल्या वहीतच ठेवा. खेळाडूंच्या कानावर फक्त कुजबुज जाऊ द्या: मोठ्या घराण्यातली बिनजादूची मुलगी, तिच्या आईबद्दल गावाने घेतलेला संशय, शेवटी एका शेतकऱ्याशी लावून दिलेलं लग्न. तो शेतकरी ‘सज’ आहे, त्याच्या पायाच्या दोन्ही प्रती धड आहेत, हे कुणालाच ठाऊक नाही. तिच्या प्रत्येक बाळासाठी आता नाणं उडवायचं.