डबा एकदा पलंगावर उपडा करा

आई गोळ्या घ्यायला विसरते, ही घरोघरची तक्रार. मग मुलगा सोम ते रवि असे खण असलेली डबी आणतो, सून मोबाइलवर गजर लावून देते आणि प्रश्न मिटला असं सगळे धरून चालतात. विसरल्याने नुकसान होतंच. पण एकही गोळी न चुकवणाऱ्या, लिहून दिलेलं सगळं इमानेइतबारे गिळणाऱ्या म्हाताऱ्या माणसालाही गोळ्यांचाच त्रास होऊ शकतो, हे फारसं कुणाच्या ध्यानात येत नाही. हृदयाचे डॉक्टर वेगळे, साखरेचे वेगळे, गुडघ्याचे वेगळे आणि सर्दीतापाला नाक्यावरचे. प्रत्येकाने आपापल्या जागी बरोबरच लिहिलेलं असतं. पण ही सगळी औषधं एकत्र भेटतात ती थेट पोटात.

म्हणून नवी डबी आणण्याआधी जुना डबा बघावा. औषधांचा डबा म्हणजे बहुतेक घरांत श्रीखंडाचा नाहीतर बिस्किटांचा रिकामा डबा. दुपारच्या चहानंतर तो पलंगावर उपडा करावा आणि कुठली गोळी कशाची, हे आईच्याच तोंडून ऐकावं. उत्तरं येतात ती अशी : ही प्रेशरची, ही साखरेची, ही पित्ताची, ही रक्त पातळ करायची, ही पांढरी ताकदीची. या नावांवर घर चालतं खरं, पण घोटाळाही इथेच होतो. एकाच औषधाची आपल्याकडे अनेक ब्रँडनावं आहेत. फॅमिली डॉक्टरांनी आधीपासून दिलेली टेल्मिसार्टन आणि हॉस्पिटलमधून घरी येताना मिळालेली टेल्मिसार्टन वेगळ्या रंगाच्या पाकिटांत असली, की दोन्ही ‘प्रेशरच्या’ म्हणून रोज पोटात जातात. त्यात एका गोळीत दोनतीन औषधं घालायची आपल्याकडची रीत. ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनची जोडगोळी चालू असते आणि वर सुटी मेटफॉर्मिनही. गुडघ्याच्या गोळीत पॅरासिटामॉल असतं, सर्दीच्या गोळीतही असतं, आणि अंग दुखतंय म्हणून घेतलेली तिसरी गोळी म्हणजे निव्वळ पॅरासिटामॉलच. पाकिटावर ब्रँडबरोबर मूळ औषधाचं नाव छापलेलं असतं. यादी करायची ती त्या नावांची, मिलिग्रॅमसकट. मुलं पुण्यात किंवा परदेशात असतील तर व्हिडिओ कॉलवर एकेक पाकीट कॅमेऱ्यापुढे धरूनही हे होतं.

पलंगावरच्या ढिगात कापलेले तुकडे निघतातच. चारच गोळ्या हव्यात म्हणून केमिस्ट कात्री चालवतो आणि एक्स्पायरी छापलेला भाग नेमका दुकानातच राहतो. घरी येतात त्या चार निनावी गोळ्या. १ ऑगस्ट २०२३ पासून ठरावीक ३०० ब्रँडच्या वेष्टनावर क्यूआर कोड बंधनकारक झाला आहे, पण कापून आणलेल्या तुकड्यावर तो सापडेलच असं नाही. त्यापेक्षा कागदी पुडीवर औषधाचं नाव आणि तारीख दुकानदाराकडूनच लिहून घ्यावी. तो कंटाळला तरी लिहून घ्यावी.

तरुणपणी पचलेलं औषध सत्तरीत का बाधतं? बरीचशी औषधं मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात आणि वयाबरोबर त्याचं काम मंदावतं. कालची गोळी पुरती गेलेली नसते, तोवर आजची येते. रिपोर्टमधलं क्रिएटिनिन ‘नॉर्मल’ असलं तरी निर्धास्त होऊ नये; कृश म्हाताऱ्या अंगात स्नायूच कमी असल्याने तो आकडा मुळात कमी दिसतो. १९९१ मध्ये मार्क बियर्स या अमेरिकी डॉक्टरांनी सहकाऱ्यांबरोबर वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी केली. ती आजही वेळोवेळी सुधारली जाते, आणि त्यातली काही औषधं आपल्या श्रीखंडाच्या डब्यात असतात. ग्लिबेनक्लामाइडने साखर एकदम खाली जाऊन बराच वेळ तशीच राहू शकते. सर्दीच्या साध्या गोळीतलं क्लोरफेनिरामाइन वृद्धांमध्ये लघवी तुंबवतं, पोट साफ होऊ देत नाही, कधी भ्रमही आणतं. आजोबा रात्रभर भलतंच बोलत होते, याचा दोष मग वयाच्या माथी मारला जातो.

आणखी एक साखळी बघण्यासारखी आहे. प्रेशरसाठी अॅम्लोडिपिन सुरू होते. तिने काहींचे पाय सुजतात. सूज दिसली म्हणून कुणीतरी पाण्याची गोळी देतं, म्हणजे लघवी वाढवणारी. ती संध्याकाळी घेतली की रात्री दोनतीनदा उठणं आलं, अंधारात चक्कर आली, न्हाणीघरात पाय घसरला. मग चक्करेची गोळी. नवी तक्रार आली की नव्या गोळीआधी विचारावं : डॉक्टर, हे आधीच्याच एखाद्या गोळीमुळे तर नाही ना? मात्र शंका आली म्हणून घरच्या घरी काहीही बंद करू नये. मेटोप्रोलॉल किंवा क्लोनाझेपाम अचानक थांबवणं धोक्याचं असतं. गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक आपल्या मनाने आणणं तर सोडूनच द्यावं. टेल्मिसार्टन आणि पाण्याची गोळी चालू असताना तिची भर पडली की मूत्रपिंडावर एकदम ताण येतो.

वेळांचंही बघावं. चिठ्ठीवरचं १-०-१ म्हणजे सकाळ आणि रात्र, पण जेवणाआधी की नंतर हे त्यातून कळत नाही. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घ्यायची आणि कॅल्शियम किंवा लोहाची तिच्यानंतर निदान चार तासांनी. हाडांसाठीची अलेंड्रोनेट बहुधा आठवड्यातून एकदा, पेलाभर पाण्याबरोबर. त्यानंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. सांधेवातावरची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असते. ती चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतते, म्हणून तिचा वार यादीत मोठ्या अक्षरांत हवा. आणि एकादशी. निर्जळी करणाऱ्या आजीला साखरेची गोळी नेहमीसारखी दिली तर दुपारपर्यंत हातपाय थरथरतात, दरदरून घाम फुटतो. उपास करू नको म्हणून भांडण्यात अर्थ नसतो, ती करणारच. त्या दिवशी गोळीचं काय करायचं, हे डॉक्टरांना चातुर्मासाआधीच विचारून ठेवावं.

हे सगळं झालं की मग खणांची डबी भरावी. एसआर, ईआर, एक्सआर लिहिलेल्या गोळ्या गिळवत नाहीत म्हणून कुटून द्यायच्या नसतात. दिवसभर हळूहळू सुटायचं औषध त्याने एकदम सुटतं. यादीचा एक कागद डबीखाली असू द्यावा, दुसरा फाइलीत. कुठल्याही डॉक्टरांकडे जाताना, अगदी दात काढायलासुद्धा, तो बरोबर न्यावा, आणि त्यात काढा, ज्येष्ठमध, अश्वगंधा हेही लिहावं. ज्येष्ठमध रोज घेतलं तर प्रेशर वाढू शकतं.

राहता राहिल्या बंद झालेल्या गोळ्या. त्या टाकायला आई तयार होत नाही, पैसे पडलेत म्हणते, शेजारणीला देते म्हणते. तिच्याशी वाद न घालता त्या एका पिशवीत बांधून डब्यातून बाहेर काढाव्यात आणि पुढच्या खेपेला डॉक्टरांपुढे ठेवाव्यात. फेकून द्या असं त्यांनी सांगितलं तर बहुधा ती ऐकते.