यात्रेचा गल्ला आणि घराचा हप्ता

वज्रेश्वरीच्या देवळाच्या पायथ्याशी माझं ओटी-नारळाचं दुकान आहे. आमच्या धंद्याला महिना नसतो, हंगाम असतो. नवरात्र, चैत्रातली यात्रा, थंडीत गरम पाण्याच्या कुंडांवर येणारी गर्दी; पावसाळ्यात मात्र माशा मारत बसायचं. घराचा हप्ता हे काही बघत नाही.

भिवंडीच्या लूमवाल्यांना ही अडचण जुनी. त्यांची बँकेत सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट, असते. मंजुरी दहा लाखांची, पण सुतासाठी चारच उचलले तर व्याज चार लाखांवर. कापडाचं पेमेंट आलं की खात्यात भरायचं, तेवढ्यावरचं व्याज त्या दिवसापासून बंद. घरकर्जही असं ओव्हरड्राफ्टच्या खात्यात मिळतं. स्टेट बँकेचं ‘मॅक्सगेन’, बँक ऑफ बडोदाचं ‘होम लोन अॅडव्हान्टेज’ ही त्यातलीच. ऑस्ट्रेलियात तर असा जोडखात्याचा प्रकार घरोघरी आहे.

हप्ता नेहमीसारखाच जातो. त्याहून जास्त टाकलेले पैसे बाकीतून वजा धरून रोजचं व्याज निघतं, आणि ते पैसे हवे तेव्हा काढताही येतात. आम्हाला मोल याचंच. नवरात्राआधी नारळ, खण, हळद-कुंकू रोखीने भरावं लागतं. साध्या कर्जात मुद्दलात भरलेला पैसा अशा वेळी परत मागता येत नाही.

आता वहीवरचा हिशेब. समजा 30 लाखांचं कर्ज आहे, दर 8.5 टक्के. सुरुवातीला व्याज रोजचं साधारण 700 रुपये. हंगामाचे 3 लाख खात्यात टाकले, की दिवसाला 70 रुपये वाचतात. तेच पैसे बचत खात्यात पडले तर वीस-पंचवीस रुपये मिळणार.

इथे हुरळून जाऊ नका. अशा खात्याचा दर बहुधा साध्या कर्जापेक्षा थोडा चढा असतो. पाव टक्का जरी जास्त धरला, तरी 30 लाखांवर वर्षाला 7,500 रुपये झाले. माझे 3 लाख वर्षातून चारच महिने टिकले, तर वाचलेलं व्याज साडेआठ हजारांच्या आसपास. म्हणजे हाती उरतात हजारभर रुपये! चढ्या दराची भरपाई व्हायलाच वर्षभराची सरासरी शिल्लक 86 हजारांच्या घरात लागते. खरा फायदा त्याच्या पुढे.

आणखी एक गोष्ट. जादा टाकलेली रक्कम मुद्दलाची परतफेड धरली जात नाही. त्यामुळे जुन्या करपद्धतीत 80सीची सवलत तिच्यावर मागता येत नाही. शिवाय हाताशी पैसा दिसला की लग्नकार्याला, नव्या गाडीला हात तिकडेच जातो.

म्हणून मला कुणी विचारलं तर मी सांगतो, आधी गेल्या वर्षाचं पासबुक काढा आणि दर महिन्याची सगळ्यात कमी शिल्लक लिहून काढा. दुकानाच्या भांडवलासाठी किंवा दुखण्याखुपण्यासाठी दोन-तीन लाख कायम पडूनच असतील, तर हे खातं तुमच्यासाठी. नसतील, तर स्वस्तातलं साधं कर्ज घ्या. बदलत्या दराच्या घरकर्जावर मुदतीआधी पैसे भरल्यास दंड लावायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने 2012 मध्येच बँकांना बजावलंय. यात्रेचा गल्ला मोजून झाला, पुढचा माल भरून झाला, की उरलेलं सरळ मुद्दलात भरून टाका.