मुदतवाढीचे मोल : बर्फाच्या मनोऱ्याचे गणित

मुलांच्या मोबाइलवरील खेळांकडे ज्येष्ठ मंडळी बहुधा वेळेचा अपव्यय म्हणून पाहतात. तथापि ‘टॉवर डिफेन्स’ या प्रकारातील खेळ हिशेबी बुद्धीला चांगलेच आव्हान देतात. ठरलेल्या वाटेने शत्रू येत राहतात. हाती असलेल्या मर्यादित भांडवलातून मनोरे उभारून त्यांना दाराशी पोचण्यापूर्वी रोखायचे, एवढेच त्याचे सूत्र. बहुतेक खेळांत शत्रूची चाल मंद करणारा एखादा बर्फाचा मनोरा असतो. नवखा खेळाडू एकतर त्याला निरुपयोगी समजतो, नाहीतर गरजेपेक्षा अधिक उभारतो. दोन्हींत तोटाच आहे.

उदाहरणासाठी पॉपकॅप कंपनीचा, जॉर्ज फॅन यांनी रचलेला, 2009 साली आलेला ‘प्लांट्स व्हर्सेस झॉम्बीज’ हा खेळ घेऊ. येथे मनोऱ्यांच्या जागी रोपे आहेत आणि चलन म्हणजे सूर्यप्रकाश. झॉम्बी, म्हणजे चालते मुडदे, अंगणातून घराकडे सरकतात. ‘पीशूटर’ हे मटाराचे दाणे फेकणारे रोप 100 सूर्यांना मिळते. ‘स्नो पी’ हे बर्फाचे दाणे फेकणारे रोप 175 सूर्यांना. दोघांच्या दाण्याचा आघात सारखाच. मग वरचे 75 सूर्य कशाचे? बर्फाचा दाणा लागताच झॉम्बीची चाल आणि रोपे खाण्याचा वेग निम्मा होतो, त्याचे.

आता हिशेब मांडू. डोक्यावर बादली घातलेला झॉम्बी सुमारे 65 दाणे लागल्यावर पडतो. समजा, रोपांपर्यंत पोचण्यास त्याला 30 सेकंद लागतात आणि प्रत्येक रोप दीड सेकंदाला एक दाणा फेकते. म्हणजे एका रोपाचे 20 दाणे. रांगेत दोन पीशूटर असतील तर 40 दाणे, झॉम्बी वाचतो. तिसरा पीशूटर लावला तर 60. तरीही तो वाचतो. परंतु तिसऱ्या जागी स्नो पी लावले, तर 30 सेकंदांचे जवळपास 60 होतात आणि तिन्ही रोपांचे मिळून सुमारे 120 दाणे लागू शकतात. खर्च 300 ऐवजी 375, आणि मारा दुप्पट.

व्यापाऱ्याला हे सहज उमगावे. उधारीची मुदत वाढवून मिळाली म्हणून देणे फिटत नाही. त्या अवधीत माल विकला गेला तरच तिचा उपयोग. बर्फही तसाच. तो स्वतः फारसे कमवीत नाही, सोबतच्यांना कमावण्यास अवसर देतो. म्हणून ज्या रांगेत मारा करणारी रोपे आहेत, तेथेच तो शोभतो.

यातूनच पुढील पथ्ये निघतात. पहिले, आरंभी स्नो पीची घाई करू नये. खेळ 50 सूर्यांनी सुरू होतो. तेवढ्यात एक सूर्यफूल येते व ते थोड्या थोड्या वेळाने 25 सूर्य देत राहते. साधा झॉम्बी 10 दाण्यांत पडतो. त्याला एक पीशूटर पुरे. आधी उत्पन्न, मग मारा आणि त्यानंतर बर्फ. दुसरे, एका रांगेत एकच स्नो पी पुरे. दुसऱ्याने चाल आणखी मंदावत नाही. वरचे 75 सूर्य वाया जातात. तिसरे, दाणा रांगेच्या टोकापर्यंत जातो, म्हणून हे रोप मागे, सुरक्षित जागी लावावे आणि पुढे 50 सूर्यांचा ‘वॉलनट’ हा अक्रोड आडवा ठेवावा. मंदावलेला झॉम्बी तो अक्रोडही निम्म्या वेगाने खातो.

चौथे पथ्य विसंगतीचे. दाण्यांना पेटवणारे ‘टॉर्चवुड’ त्याच रांगेत लावू नये. त्यातून जाणारा बर्फाचा दाणा साधा होतो आणि पेटलेला दाणा झॉम्बीवरील थंडी घालवतो. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेण्याचाच हा प्रकार.

काही शत्रूंवर बर्फ चालत नाही, हेही ध्यानी ठेवावे. जाळीचे दार पुढे धरून येणाऱ्याचे दार शाबूत असेतो दाण्याची थंडी त्याला लागत नाही. ‘झॉम्बोनी’ या वाहनाची चाल तर बर्फाने मंदावतच नाही. शिवाय दाणा फक्त सर्वांत पुढच्याला लागतो, त्यामुळे मागचे येऊन त्याला गाठतात व घोळका होतो. घोळका दिसताच घाबरू नये. 150 सूर्यांचा ‘चेरी बॉम्ब’ एकाच वेळी अनेकांना संपवतो, त्याची हीच वेळ.

घरातील मूल हा खेळ खेळत असेल तर त्याला रागावण्याआधी शेजारी बसून एक प्रश्न विचारावा : “हे रोप तू येथे का लावलेस?” ‘यामुळे मागच्या दोघांना वेळ मिळतो’ असे उत्तर आले, तर जे स्वतः कमावत नाही तेही इतरांची कमाई कशी वाढवते, हे त्याला कळले आहे असे समजावे. पुढे दुकानाच्या गादीवर बसताना ही समज त्याच्या कामी येईल.